पर्यावरणशास्त्राची ओळख ठाणे खाडीपासून करून घेऊया

भरतीरेषा (ऐरोली)

पदवीच्या वर्गांत पर्यावरण हा विषय आता सर्वच शाखांच्या विद्यार्थ्यांना असतो. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी अभ्यासक्रम आखून दिला. आमच्या वसाहतीतील मुले हा विषय शिकत आहेत आणि परिसंस्था, अन्नजाळे, शाश्वत विकास यांच्या व्याख्या त्यांना तोंडपाठ आहेत. मात्र घरातल्या मोरीतून गेलेले पाणी शेवटी कोठे पोहोचते, असे विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही. या मुलांसाठी, आणि हा विषय कधीच न शिकलेल्या माझ्यासारख्या मोठ्यांसाठी, हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. पर्यावरणशास्त्र कोणत्याही वस्तूबद्दल तीन गोष्टी विचारते: ती कोठून आली, कोठे गेली आणि किती वेगाने गेली. यातला वेगाचा प्रश्न शिकवताना सर्वांत जास्त मागे पडतो, आणि शाश्वततेचा सगळा विचार तर त्यावरच उभा आहे.

पाण्याचे उदाहरण घेऊ. नवी मुंबईचे बहुतेक पाणी खालापूर तालुक्यात धावरी नदीवर बांधलेल्या मोरबे धरणातून येते, तर ठाणे शहराला उल्हास आणि भातसा या नद्यांचे पाणी मिळते. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना माणशी रोज १३५ लिटर पाणी धरले जाते आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन परत येते, असे मानतात. म्हणजे ४०० माणसांच्या वसाहतीत रोज ५४,००० लिटर पाणी येते आणि ४३,२०० लिटर सांडपाणी बाहेर पडते. धरण एका तालुक्यात, नळ दुसऱ्या तालुक्यात आणि शेवट खाडीत, असा हा प्रवास असल्यामुळे घरात बसून त्याची दोन्ही टोके दिसत नाहीत.

आता त्या खाडीकडे पाहू. ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. दक्षिणेला ती मुंबई बंदराच्या बाजूने समुद्राला मोकळी मिळते, पण उत्तरेला ठाण्यापाशी अरुंद व उथळ होत जाते आणि तेथून एका चिंचोळ्या प्रवाहाने उल्हास नदीच्या खाडीशी जोडलेली राहते. या आकारामुळे वाशीच्या पुलाखालचे पाणी भरती-ओहोटीबरोबर जितके बदलते, तितके ठाण्याकडच्या कोपरीच्या बाजूचे बदलत नाही. त्यामुळे तेवढीच घाण दक्षिणेला लवकर पांगते आणि उत्तरेला रेंगाळते. प्रदूषणाचा विचार करताना घाण किती सोडली याबरोबरच ती वाहून नेण्याची पाण्याची ताकद किती, हेही मोजावे लागते, हा या विषयातला पहिला धडा आपल्याला खाडीच्या नकाशावरूनच मिळतो.

सजीव आणि त्यांच्या भोवतीचे निर्जीव घटक यांची मिळून एकच व्यवस्था मानली पाहिजे, हा विचार ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९३५ साली मांडला. आज आपण तिला परिसंस्था म्हणतो. काठावरच्या तिवराकडे पाहिले की हा विचार लगेच कळतो. खाडीच्या चिखलात पृष्ठभागाखाली ऑक्सिजन जवळजवळ नसतो, त्यामुळे तिवराची श्वसनमुळे पेन्सिली रोवल्याप्रमाणे वर येतात. पाण्याबरोबर शोषलेले जास्तीचे मीठ हे झाड पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते, आणि त्याची पडलेली पाने खेकडे व सूक्ष्मजीव यांचे अन्न होतात. तोच ऑक्सिजनरहित चिखल पालापाचोळा पूर्ण कुजू देत नाही, म्हणून कांदळवनांच्या (खारफुटीच्या जंगलांच्या) जमिनीत कार्बन दीर्घकाळ साठून राहतो.

ओहोटीच्या वेळी येणाऱ्या कुजक्या अंड्यासारख्या वासाबद्दल ऐरोली-घणसोलीत सतत तक्रारी होतात, म्हणून येथे थोडे विषयांतर करतो. ऑक्सिजन नसलेल्या चिखलातील जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटचा वापर करून सेंद्रिय पदार्थ कुजवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू निघतो. अगदी निरोगी कांदळवनालाही हा वास थोडाफार असतो. सांडपाण्यामुळे चिखलात सेंद्रिय पदार्थ वाढले की तो तीव्र होतो. त्यामुळे केवळ वास आला म्हणून प्रदूषण सिद्ध होत नाही आणि वास नेहमीचाच आहे म्हणून प्रदूषण नाही, असेही ठरत नाही.

शाश्वत विकासाची सर्वांत परिचित व्याख्या ग्रो हार्लेम ब्रुंटलंड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८७ साली दिली: भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला धक्का न लावता आजच्या पिढीच्या गरजा भागवणारा विकास. व्याख्या चांगली आहे, पण तिच्यावरून एखादा नाला किंवा धरण तपासता येत नाही. त्यासाठी अर्थतज्ज्ञ हर्मन डेली यांचे तीन नियम मला अधिक उपयोगाचे वाटतात. पुन्हा निर्माण होणारी संपत्ती तिच्या निर्मितीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने वापरू नये. संपून जाणारी संपत्ती तिला पर्याय तयार होण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने वापरू नये. आणि निसर्ग जितक्या वेगाने टाकाऊ पदार्थ पचवू शकतो, त्यापेक्षा जास्त वेगाने ते त्याच्यात सोडू नयेत. तिन्ही नियम वेगाबद्दल आहेत आणि तिन्ही आपल्या खाडीला लागू होतात.

खाडीशी, पाण्याशी किंवा कचऱ्याशी ज्यांचा कामानिमित्त संबंध आला आहे, त्यांनी येथे अवश्य लिहावे.

प्रथमवर्ष_वाणिज्य

काका, लेख समजला. एक शंका आहे. ठाणे खाडीत दर हिवाळ्यात हजारो फ्लेमिंगो येतात, २०१५ साली येथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली खाडीला रामसार स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. पाणी एवढे खराब असते तर पक्षी आले असते का? आमच्या वर्गात बहुतेकांचे म्हणणे असे आहे की, पक्षी येतात त्या अर्थी खाडी स्वच्छ आहे.

भरतीरेषा (ऐरोली)

तुझी शंका या विषयाच्या मर्मावर बोट ठेवणारी आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आपल्याकडे रोहित पक्ष्याच्या, म्हणजे फ्लेमिंगोच्या, दोन जाती येतात. मोठ्या रोहिताच्या चोचीतली गाळणी त्यामानाने जाड असते आणि तो चिखलातले लहान कवचधारी जीव, अळ्या वगैरे खातो. लहान रोहिताची गाळणी अतिशय बारीक असते आणि त्याचे मुख्य अन्न म्हणजे नीलहरित शैवालासारखे सूक्ष्म जीव. खाडीतले मोठाले थवे प्रामुख्याने या लहान रोहितांचे असतात. शैवाल वाढायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात आणि ही दोन्ही मूलद्रव्ये सांडपाण्यात भरपूर असतात. मुंबई परिसरात १९९०च्या दशकापासून हे पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागले. सांडपाण्यावर वाढलेले शैवाल आणि गाळ साचून रुंद झालेली चिखलाची सपाटी ही त्याची महत्त्वाची कारणे असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात.

त्यामुळे रोहित आले यावरून त्यांचे अन्न येथे आहे एवढेच कळते. पाण्यात ऑक्सिजन किती आहे, गाळात जड धातू किती आहेत, किंवा माशांची पिले जगतात की नाही, हे त्यावरून कळत नाही. एका जातीची भरभराट हा संपूर्ण परिसंस्थेच्या आरोग्याचा दाखला होऊ शकत नाही. पोषकद्रव्ये आणखी वाढली तर शैवाल बेसुमार माजते, मरते, कुजते आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवते. या प्रक्रियेला सुपोषण म्हणतात. आज पक्ष्यांना पोसणारी गोष्ट मर्यादेपलीकडे गेली की त्यांच्याच अधिवासाच्या मुळावर येते.

अभयारण्याची गरज मात्र यामुळे तसूभरही कमी होत नाही. १,६९० हेक्टरच्या या क्षेत्रात ८९६ हेक्टर कांदळवन आहे आणि उरलेला भाग पाण्याचा आहे. दोन महानगरांच्या मधोमध इतका विस्तार टिकून आहे, ही फार मोठी गोष्ट आहे.

निवृत्त_अभियंता (कोपरखैरणे)

माझी बरीच वर्षे सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर गेली, त्यामुळे भरतीरेषा यांनी दिलेले गणित पुढे नेतो.

सांडपाण्याची ताकद आम्ही जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीने, म्हणजे बोलीभाषेत बीओडीने मोजतो. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, त्याचे हे माप आहे. आपल्याकडे नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून ही चाचणी करतात. घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारणपणे लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. २५० धरला, तर त्या ४३,२०० लिटर सांडपाण्याला रोज जवळपास १०.८ किलो ऑक्सिजन लागेल.

एवढा ऑक्सिजन पाण्यात कोठून येणार? ३० अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो आणि खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. म्हणजे ४०० माणसांचे एका दिवसाचे सांडपाणी प्रक्रियेविना सोडले, तर त्यात सुमारे १४ लाख लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवण्याची ताकद असते. हेच सांडपाणी प्रक्रिया करून बीओडी १० वर आणून सोडले, तर ती ताकद ५८ हजार लिटरपेक्षाही कमी पाण्यापुरती उरते. वारा, लाटा आणि भरती यांमुळे पाण्यात नवा ऑक्सिजन मिसळत असतो, म्हणून खाडी टिकून आहे. पण मिसळण्याचा वेग ठरलेला आहे आणि घाण सोडण्याचा वेग माणसांच्या हातात आहे.

बीओडी कमी झाला की नायट्रोजन आणि फॉस्फरसही तितकेच कमी झाले, असे नसते, हे रोहितांच्या चर्चेला धरून सांगायला हवे. अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, तर नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार करून तो हवेत सोडणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन नसलेली स्थिती लागते. एसबीआर (एकाच टाकीत टप्प्याटप्प्याने प्रक्रिया करण्याच्या) पद्धतीच्या केंद्रात त्या टाकीत हवा आळीपाळीने सुरू-बंद करून ही दोन्ही कामे साधतात. केंद्र चालवणाऱ्याचे कौशल्य या वेळापत्रकात असते. हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला किंवा वीज वाचवण्यासाठी मुद्दाम बंद ठेवला, तर बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसेल, पण त्यात अमोनिया तसाच राहिलेला असू शकतो. वसाहतींनी स्वतःच्या आवारात बांधलेल्या लहान केंद्रांबाबत माझी हीच मोठी चिंता आहे. यंत्रे बसवली जातात, पण ती चालवण्यासाठी शिकलेला माणूस ठेवला जात नाही.

चेंदणीकर

आमचे घर ठाण्यातल्या चेंदणी कोळीवाड्यातले. माझ्या वडिलांच्या आणि आजोबांच्या तोंडून खाडीबद्दल जे ऐकले, त्यात मोजमापाची उपकरणे नव्हती, पण निरीक्षण पक्के होते. तिथीला तीनाने गुणून चाराने भागले की भरती पूर्ण भरण्याची वेळ मिळते, हे आमच्याकडे लहानपणीच शिकवले जाते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती पूर्ण होते, आणि खाडीत आत येईपर्यंत तिला थोडा उशीर होतो. उधाणाला पाणी कोठवर चढते आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, कोठे थांबते, यावर जाळे कोठे लावायचे ते ठरत असे.

जिताडा, बोईट, कोलंबी, चिंबोरी, निवटी ही नावे आमच्या घरात रोजच्या जेवणाशी जोडलेली होती. आज पाग (फेकायचे जाळे) टाकून घर चालवता येईल असे ठाण्याच्या टोकाला राहिलेले नाही. जे हाती लागते त्याला अनेकदा रॉकेलसारखा वास येतो आणि ते विकले जात नाही. निवटी मात्र अजूनही चिखलावर उड्या मारताना दिसते, कारण ती ओल्या त्वचेतूनही श्वास घेते आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला तरी तग धरते. अभियंता साहेबांचे गणित वाचल्यावर, एक मासा गेला आणि दुसरा राहिला याचे कारण मला प्रथमच नीट जुळवता आले.

पर्यावरणाच्या चर्चेत मासेमारी करणाऱ्यांचा उल्लेख पुष्कळदा 'अतिरिक्त मासेमारी' या शब्दांपुरताच येतो, याचे मला फार वाईट वाटते. खाडीत विष सोडणारे कोळी नव्हते.

अध्यापिका (बेलापूर)

चेंदणीकर ताई, आपल्या शेवटच्या मुद्द्याला अभ्यासाचा भक्कम आधार आहे. जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली असे मांडले होते की सामायिक संपत्ती प्रत्येक जण आपल्या फायद्यासाठी ओरबाडतो आणि शेवटी ती नष्ट होते. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतील कुरणे, कालवे, जंगले आणि मासेमारी क्षेत्रे यांचा अभ्यास करून दाखवले की, वापरणारे लोक स्वतः नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि बाहेरच्याला मनमानी करू देत नाहीत, तेथे सामायिक संपत्ती पिढ्यान् पिढ्या टिकते. या कामासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या महाराष्ट्रातही माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात देवरायांवर केलेला अभ्यास याच दिशेने जातो.

खाडीच्या बाबतीत नियम करणारे गाव आणि घाण सोडणारे शहर वेगवेगळे होते, त्यामुळे गावाचे नियम शहराला लागूच झाले नाहीत. शाश्वततेची आकृती काढताना पर्यावरण, समाज आणि अर्थव्यवस्था अशी तीन सारख्या आकाराची वर्तुळे काढायला शिकवतात. मला ती आकृती पटत नाही. अर्थव्यवस्था समाजाच्या आत आणि समाज निसर्गाच्या आत असतो. वर्तुळे शेजारी-शेजारी काढली की एकाच्या नफ्याने दुसऱ्याचा तोटा भरून निघतो, असा समज होतो. कोळीवाड्याचे नुकसान कारखान्याच्या उत्पन्नातून भरून निघाले नाही, हे आपण पाहतोच आहोत.

नेरुळवासी

चर्चा चांगली चालली आहे, पण कांदळवन वाचवणे म्हणजे नेहमीच निर्विवाद योग्य, असे येथे गृहीत धरलेले दिसते. आमच्या नोडमधली, म्हणजे नवी मुंबईच्या उपनगरातली, अडचण मांडतो.

नवी मुंबईचा बराचसा भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. सिडकोने म्हणून डच पद्धतीने धारण तलाव बांधले. भरती आली की खाडीकडची झडपदारे पाण्याच्या दाबाने बंद होतात, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला दारे उघडून ते बाहेर जाते. गेल्या काही दशकांत या तलावांत गाळ भरला आणि त्या गाळावर कांदळवन उगवले. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कांदळवनांचा नाश हा घटनेच्या अनुच्छेद २१ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आहे. त्यामुळे तलावातला गाळ काढणे परवानग्यांत अडकते आणि पावसाळ्यात मोठी भरती व मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की आमच्या रस्त्यांवर पाणी तुंबते. अशा वेळी पर्यावरणवादी भूमिका नेमकी कोणती?

भरतीरेषा (ऐरोली)

आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर घोषणांतून मिळणार नाही. खाडीकाठचे नैसर्गिक कांदळवन आणि पूरनियंत्रणासाठी खोदलेल्या तलावात गाळामुळे उगवलेले कांदळवन यांचे कार्य वेगळे आहे, असे माझे मत आहे. पहिले लाटांचा जोर कमी करते, गाळ धरून ठेवते आणि माशांच्या पिलांना आसरा देते. दुसऱ्याने त्या तलावाची साठवणूक कमी होते. न्यायालयाची परवानगी घेऊन आणि झाडांच्या मोजदादीसह ठराविक भागातला गाळ काढणे मला अयोग्य वाटत नाही. मात्र ही सवलत मोकळी होणारी जमीन बांधकामाला देण्याची वाट ठरू नये, एवढी अट मी आग्रहाने घालीन. गाळ येतो कोठून, हेही पाहिले पाहिजे. पारसिकच्या डोंगरातल्या खाणी आणि उघडे पडलेले उतार यांवरून पावसात माती वाहत येते. तिकडे काहीच केले नाही, तर आज उपसलेला तलाव पुन्हा भरणारच आहे.

हवामानबदलाचा विषय येथे आपोआप येतो. औद्योगिक काळापूर्वी हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर आहेत. समुद्र आणि झाडे तो जितक्या वेगाने शोषू शकतात, त्याहून जास्त वेगाने आपण तो सोडतो, म्हणजे डेली यांचा तिसरा नियम पृथ्वीच्या पातळीवर मोडतो. जगातील समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. समुद्र वर आला की आपली झडपदारे प्रत्येक भरतीला थोडा जास्त वेळ बंद राहतात, आणि पाऊस साठवण्याचा काळ वाढतो. त्यामुळे जुन्या हिशेबाने बांधलेला तलाव गाळ नसतानाही अपुरा पडू शकतो. अशा वेळी पावसाचे पाणी जेथे पडते तेथेच मुरवणे, सगळे आवार काँक्रीटने झाकून न टाकणे आणि नाल्यांत कचरा जाऊ न देणे ही वसाहतींच्या आवाक्यातली कामे अधिकच गरजेची ठरतात.

प्रथमवर्ष_वाणिज्य

आम्हाला प्रकल्प करायचा आहे. खाडीत उतरून नमुने घेता येतील का?

अध्यापिका (बेलापूर)

चिखलात किंवा कांदळवनात कृपया उतरू नका. चिखल धोकादायक असतो, आणि अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीविना असे काम करता येत नाही. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन माहिती घेता येईल.

मोजमापासाठी ठाण्यातला मासुंदा तलाव घ्या. २० सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर काळे-पांढरे चार भाग रंगवा, खाली वजन बांधा आणि खुणा केलेल्या दोरीने ती पाण्यात सोडा. तबकडी दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली, यांची सरासरी लिहा. अँजेलो सेक्की यांनी १८६५ साली वापरलेली ही पद्धत आजही जगभर चालते. आकडा जितका लहान, तितके पाण्यात शैवाल किंवा गाळ जास्त. मोजणी नेहमी दुपारच्या सुमारास, सावलीच्या बाजूने आणि एकाच माणसाने करावी. काठावर मोठ्या माणसाला सोबत ठेवा आणि गणेशविसर्जनाच्या आधीची व नंतरची नोंद चुकवू नका.

चेंदणीकर

भरतीच्या नोंदीसाठी मुलांना आमच्याकडे पाठवा. तिथीच्या हिशेबाने आलेली वेळ आणि चेंदणीच्या काठावर प्रत्यक्ष पाणी भरण्याची वेळ यांतला फरक पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत रोज लिहिला, तर खाडीच्या टोकापर्यंत भरतीला किती उशीर होतो हे त्यांनाच काढता येईल. वडील काठावर थांबतील.